स्किड स्टिअर लोडर काळा धूर मारतो आणि लोड घेत नाही: टर्बो बदलण्याआधी काय तपासावे

साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचा भुस्सा) यार्डात, खडी क्रशरवर, पोल्ट्रीच्या शेडमध्ये आणि वीटभट्टीवर चालणाऱ्या स्किड स्टिअर लोडरची, म्हणजे पुढे बकेट असलेल्या छोट्या लोडरची, एकच तक्रार सांगली जिल्ह्यात आणि कराडच्या बाजूला मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते: इंजिन काळा धूर मारते, ओढ (ताकद) गेली आहे आणि बकेट ढिगात घातली की रेस बसते, म्हणजे इंजिनाचा वेग पडतो. तक्रारीबरोबर निदानही बहुधा तयारच असते, ते म्हणजे ‘टर्बो गेला’. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. टर्बो खरोखर गेलेला असतो असेही होते. पण त्याहून कितीतरी अधिक वेळा टर्बोकडे येणारी हवा अडलेली असते किंवा टर्बोतून पुढे जाणारी हवा वाटेत गळत असते. जिथे टर्बो खरोखर खराब झालेला असतो तिथेही त्याला खराब करणारे कारण बहुतेक वेळा त्याच्या बाहेर सापडते आणि ते कारण तसेच ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. पुढील तपासण्या म्हणूनच फुकटच्या आणि सोप्या कामापासून खर्चिक कामाकडे अशा क्रमाने दिल्या आहेत. लक्षणांत सांगितलेला एक अपवाद सोडला तर हा क्रम मोडून थेट मधल्या पायरीवर उडी मारू नये.

लक्षणे

सर्वप्रथम धुराचा रंग आणि तो कधी येतो हे नीट पाहावे. काळा धूर म्हणजे जेवढे डिझेल सिलिंडरमध्ये गेले तेवढे जाळण्यापुरती हवा मिळाली नाही. नुसत्या रेसवर इंजिन स्वच्छ चालते आणि लोड आल्यावरच काळे ओकते, हे टर्बो इंजिनातल्या हवेच्या तुटवड्याचे नमुनेदार लक्षण आहे, कारण टर्बोचा खरा दाब लोडवरच तयार होतो. निळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर असेल तर इंजिन ऑइल जळत आहे. पांढरा धूर हिवाळ्यात सकाळी पहिल्या काही मिनिटांत आला तर फारसे बिघडत नाही. मात्र इंजिन गरम झाल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर तो वेगळाच आजार आहे व त्याचा उल्लेख पुढे केला आहे.

ओढ नाही, पण धूरही नाही, अशीही एक स्थिती असते आणि तिचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अशा वेळी हवा पुरेशी असून डिझेल कमी पडत असण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे हवेच्या तपासण्यांत वेळ न घालवता डिझेलच्या भागाकडे वळावे.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात बकेट ढिगात घुसतानाच्या क्षणी एक काळा भपका येऊन लगेच धूर पातळ होतो. टर्बोला वेग घ्यायला लागणारा तो वेळ आहे, त्याला बिघाड समजू नये. तसेच सांगलीत समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर चालणारे यंत्र महाबळेश्वरला सुमारे १,३५० मीटर उंचीवर कामाला नेले, तर तिथे हवेचा दाब जवळजवळ नऊ-दहा टक्क्यांनी कमी असतो. टर्बो ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतो, पण थोडा अधिक धूर आणि किंचित कमी ओढ तिथे दिसली तर लगेच इंजिन उघडायला घेऊ नये.

हात लावण्यापूर्वी

यंत्र सपाट जागी आणि उघड्यावर उभे करावे, बकेट जमिनीला टेकवावी, किल्ली काढून घ्यावी. बूम वर ठेवून काम करणे भागच असेल तर यंत्रासोबत आलेला आर्म लॉक बसवल्याशिवाय त्याखाली कोणीही जाऊ नये. हायड्रॉलिकच्या भरवशावर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर बूम उभा ठेवू नये. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड थंड होऊ द्यावेत. बगॅस यार्डातल्या यंत्रात मागचे दार उघडताच टर्बोच्या भोवती आणि मॅनिफोल्डच्या खाचेत साठलेला भुस्सा प्रथम काढावा. त्यावर डिझेलचा थेंब पडला की आग लागायला दुसरे काही लागत नाही.

इंजिन आहे की हायड्रॉलिक?

स्किड स्टिअरमध्ये चाकेही हायड्रॉलिकवरच फिरतात, त्यामुळे इंजिनाची सगळी ताकद पंपांमार्फतच बाहेर पडते आणि हायड्रॉलिकचा दोष इंजिनाच्या नावावर सहज खपतो. आधी रेसचा लिव्हर आणि पायाचे पेडल शेवटपर्यंत दाबल्यावर डिझेल पंपावरची खटकी खरोखर शेवटच्या स्टॉपपर्यंत जाते का, हे पाहावे. केबल ताणली गेलेली असेल किंवा पायाखाली माती साठून पेडल अर्ध्यावर अडत असेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या व्यर्थ आहेत. त्यानंतर लोड नसताना कमाल आरपीएम किती मिळतात ते मीटरवर पाहून यंत्राच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडावे.

आता ऑक्झिलरी हायड्रॉलिकचे (ब्रेकरसारख्या जोडअवजाराला ऑइल देणाऱ्या लाइनचे) बटण चालू स्थितीत अडकून राहिलेले नाही ना, हे पाहावे. ब्रेकर काढून बकेट लावली, पण ऑक्झिलरीचा प्रवाह तसाच चालू राहिला, तर पंप रिलीफ व्हॉल्व्हवर सतत दाब देत राहतो, ऑइल तापते आणि इंजिन विनाकारण दबते. पार्किंग ब्रेक पूर्ण सुटतो का, हेही बघावे. मग एकेक क्रिया वेगळी करून पाहावी: फक्त बूम उचलणे, फक्त बकेट वळवणे, फक्त पुढे जाणे. एकाच क्रियेत रेस बसत असेल आणि बाकी ठीक असेल तर दोष त्या क्रियेच्या हायड्रॉलिकमध्ये आहे आणि इंजिनाला हात लावण्याचे कारण नाही. प्रत्येक क्रियेत रेस बसून काळा धूर येत असेल तरच पुढे क्रमाने वाचावे; रेस बसते पण धूर नाही, तर थेट डिझेलच्या भागाकडे जावे.

एअर फिल्टर

ही तपासणी सगळ्यांना ठाऊक असते आणि बहुतेक जण ती चुकीची करतात. फिल्टरच्या डब्यावरचा, फिल्टर किती अडला ते दाखवणारा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर लाल झाला आहे का ते पाहावे, मात्र इंजिन पूर्ण रेसवर असतानाच त्याचा अर्थ लागतो. फिल्टरमधून हवा खेचण्याचा ताण साधारणपणे सहा किलोपास्कलच्या आसपास पोहोचला की तो लाल होतो. इंडिकेटर तुटलेला असेल किंवा त्याच्या जागी बोल्ट ठोकलेला असेल, जसा तो जुन्या यंत्रांत नेहमी आढळतो, तर फिल्टर बाहेर काढूनच बघावे लागेल. डब्याच्या खालच्या बाजूचा रबरी डस्ट व्हॉल्व्ह दोन बोटांनी दाबून धूळ पडते का पाहावे. तो भुश्श्याने बुजला की वेगळी झालेली धूळ खाली न पडता फिल्टरवरच जाऊन बसते, आणि तो फाटला असेल तर मधूनच बिनगाळलेली हवा व धूळ डब्यात शिरते.

बाहेरचा फिल्टर काढून आत बल्ब धरावा. कागदातून उजेड सगळीकडे सारखा मंद दिसला तर ठीक. टाचणीच्या टोकाएवढा ठळक ठिपका दिसला तर ते भोक आहे आणि तो फिल्टर टाकून द्यावा. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच झाली तर ती आतून बाहेर, दोन बारच्या आत आणि नळी लांब धरून मारावी. टायरच्या दुकानात पूर्ण दाबाने फुंकलेला फिल्टर दिसायला नव्यासारखा होतो आणि कागदाला चिरा पडलेल्या असतात. आतला सेफ्टी फिल्टर कधीही झटकू नये, धुऊ नये, फुंकू नये. तो थेट बदलायचा असतो.

सर्वांत बोलकी खूण फिल्टरच्या पलीकडे असते. फिल्टरपासून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या आतून स्वच्छ बोट फिरवावे. बोटाला पिठासारखी बारीक धूळ लागली तर फिल्टर कितीही नवा असो, हवा त्याला वळसा घालून आत जात आहे. लांबीला किंचित कमी असलेला स्वस्त फिल्टर, कडक झालेले सील, डब्याच्या झाकणाची वाकलेली कड किंवा पाइपची सैल क्लिप यांपैकी एक कारण हमखास सापडते. क्रशरवरच्या यंत्रात ही धूळ टर्बोची पाती झिजवते आणि त्यानंतर सिलिंडर व रिंगांकडे वळते, म्हणून येथे काहीही सापडले तरी पुढील दुरुस्तीआधी ते कायमचे बंद करावे.

अडलेल्या फिल्टरचा आणखी एक परिणाम फसवा असतो. हवा खेचण्याचा ताण फार वाढला की टर्बोच्या कॉम्प्रेसर बाजूच्या सीलमधून ऑइल खेचले जाते, पाइप आतून ओला होतो, थोडा निळा धूरही दिसतो, आणि टर्बो लीक झाला असा निष्कर्ष काढला जातो. फिल्टर बदलून पाइप पुसून काही दिवस चालवल्यावर तो ओलावा परत आला नाही तर टर्बो चांगला आहे.

कूलरची जाळी

ज्या इंजिनात इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा कूलर) आहे तिथे तो बुजला की हवा गरमच राहते, गरम हवा विरळ असते आणि धूर वाढतो. रेडिएटर बुजला तर इंजिन तापते आणि काही इलेक्ट्रॉनिक इंजिने स्वतःच ताकद कमी करतात. बगॅस यार्डात बाहेरून पाहिल्यास जाळी बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. खरा थर दोन कूलरच्या मधल्या फटीत असतो. ऑइल कूलर वर उचलता येत असेल तर उचलून बघावे. ओल्या भुश्श्याची, हाताने अखंड सोलून काढता येईल अशी नमद्यासारखी पट्टी तिथे जमलेली असते. हवा पंख्याच्या दिशेच्या उलट बाजूने मारावी आणि पाण्याचा प्रेशर वॉशर पातळ फिनांवर जवळून वापरू नये.

टर्बोच्या पुढचे पाइप

काळा धूर, कमी ओढ आणि लोडवर फुसफुस किंवा शिट्टीसारखा आवाज अशी तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर टर्बोपासून इनलेट मॅनिफोल्डपर्यंतचे होज तपासावेत. टर्बोने दाबलेली हवा येथून गळते, पंप मात्र ठरलेले डिझेल देतच राहतो, आणि उरलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. वाळवा तालुक्यातील एका पोल्ट्रीवरच्या लोडरला नवा टर्बो बसवूनही धूर तसाच होता. होज वरून बघताना धडधाकट दिसत होता, पण खालच्या वळणावर क्लिपच्या कडेला धूळ आणि ऑइल यांची काळी, बोटभर लांब रेघ उमटली होती. होज सोडून उलटा वाकवला तेव्हा घडीतली चीर उघडली. इंजिन लोडवर डोलले की तीच चीर वर्कशॉपच्या बाहेर उघडत होती आणि उभ्या इंजिनात बंद दिसत होती. ऑइलची अशी रेघ शोधावी, कारण हवेबरोबर ऑइलचा सूक्ष्म अंश येतो आणि गळतीच्या तोंडाशी धूळ धरून ठेवतो.

रेघ सापडली नाही तर साबणाचे पाणी लावावे. टर्बोच्या तोंडाला घट्ट बूच बसवून रेग्युलेटरमधून अर्ध्या बारपर्यंतच हवा द्यावी आणि बुडबुडे पाहावेत. बूच उडू शकते, त्यामुळे त्याच्या समोर उभे राहू नये.

याच फेरीत एक्झॉस्टची बाजूही पाहून घ्यावी. हेड आणि टर्बो यांच्या मधल्या गॅस्केटजवळ कोरडी काजळी पसरलेली असेल तर टर्बाइन फिरवणारा वायूच वाटेत निसटत आहे. हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या यंत्राच्या सायलेन्सरमध्ये उंदरांचे घरटेही निघते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या बीएस सीईव्ही-४ मानकांनंतरच्या (बांधकाम यंत्रांच्या धुराबाबतचे नियम), ३७ किलोवॉट व त्यावरील इंजिनांच्या यंत्रात डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असल्यास डॅशबोर्डवरचे दिवे आधी वाचावेत. डीपीएफ काढून टाकणे हा त्याचा उपाय नव्हे.

डिझेल

वॉटर सेपरेटरचा नळ उघडून पहिले अर्धा ग्लासभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि स्थिर होऊ द्यावे. खाली पाणी किंवा गाळ साचला तर फिल्टर बदलण्याआधी टाकी साफ करावी, नाहीतर नवे फिल्टर आठवड्यात चोकअप होतात. शेतावर वा साइटवर बॅरलमधून डिझेल भरले जाते तिथे पावसाळ्यात हा दोष फार आढळतो. बॅरल रात्रभर स्थिर ठेवावे आणि नळी तळाला टेकवू नये.

यंत्र सकाळी नीट चालते, अर्ध्या-पाऊण तासाने दम सोडते आणि थोडा वेळ बंद ठेवले की पुन्हा नीट होते, अशी तक्रार असेल तर ओढ गेल्याबरोबर टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत ओढल्याचा आवाज येऊन इंजिन सावरले तर झाकणाचा ब्रीदर धुळीने बंद आहे आणि दुरुस्तीचा खर्च शून्य आहे. तसे नसेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप, बँजो बोल्टची जाळी आणि तांब्याचे वॉशर पाहावेत. फीड पंपाच्या आधीच्या भागात पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडला तर लाइन एअर घेते का ते बुडबुड्यांवरून लगेच कळते.

टर्बोची प्रत्यक्ष तपासणी

एवढे झाल्यावरच टर्बोचा पाइप सोडावा. इंजिन थंड आणि बंद असावे. कॉम्प्रेसर व्हील बोटाने फिरवल्यास ते सहज फिरले पाहिजे. शाफ्ट आडवा हलवल्यावर थोडा प्ले लागतोच, कारण तिथले बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगणारे असते आणि बंद इंजिनात तो थर नसतो. पाती हाउसिंगला घासत असतील तर मात्र तो प्ले नव्हे, बिघाड आहे. पुढे-मागे ओढल्यावर ठळक हालचाल जाणवू नये. हाउसिंगवर घासल्याच्या चमकत्या खुणा, बोथट झालेल्या कडा किंवा तुटलेले पाते दिसले तर इंजिन पुन्हा सुरू करू नये.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ऑइलचा पातळ थर असणे हे दोषाचे लक्षण नाही, विशेषतः क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) इनटेकला जोडलेला असेल तर. ऑइल साचून थेंब गळत असतील तर आधी तो ब्रीदर आणि टर्बोखालचा ऑइल रिटर्न पाइप बघावा. रिटर्न पाइप चेपला असेल किंवा गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉनच्या गोळीने अडला असेल तर ऑइलला खाली जायला वाट नसते आणि ते सीलमधून बाहेर येते.

बूस्ट गेज (टर्बोने दिलेला हवेचा दाब मोजणारा मीटर) हाताशी असेल तर मॅनिफोल्डला जोडून लोडवर वाचन घ्यावे. नुसत्या रेसवरचा आकडा निरुपयोगी आहे. वाचन कमी आले, पाइप घट्ट आहेत आणि टर्बो मोकळा फिरतो, तर वेस्टगेटची (जास्तीचा एक्झॉस्ट वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी) झडप उघडी अडकली आहे का ते पाहावे. वेस्टगेटची दांडी आखूड करून बूस्ट वाढवण्याचा उद्योग करू नये. त्याचप्रमाणे मॅनिफोल्डपासून डिझेल पंपाच्या बूस्ट कॉम्पेन्सेटरकडे (हवेच्या दाबानुसार डिझेल वाढवणाऱ्या भागाकडे) जाणारी बारीक नळी तुटलेली असेल तर पंप लोडवर डिझेल वाढवतच नाही. ती नळी बदलायला फार पैसे लागत नाहीत.

पंपावरच्या सीलबंद स्क्रूबद्दल स्पष्ट सांगावे लागेल. ओढ नाही म्हटल्यावर ‘डिझेल वाढवून देतो’ असे म्हणून तो स्क्रू फिरवून देणारे कारागीर सगळीकडे आहेत. हवा आधीच कमी असताना डिझेल वाढवल्यास धूर दाट होतो, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि पिस्टन व टर्बाइन दोन्ही धोक्यात येतात. सील तुटलेले दिसले तर पंप कॅलिब्रेशनला पाठवण्याची तयारी ठेवावी.

येथे थांबावे

टॅपेट क्लिअरन्स (इंजिनाच्या व्हॉल्व्हवरची फट) पुस्तिकेप्रमाणे तपासणे अनुभवी माणसाला जमते. त्यापुढचे काम, म्हणजे नोझलचा फवारा आणि दाब, पंपाचे टायमिंग व कॅलिब्रेशन आणि कॉम्प्रेशन टेस्ट, पंप-नोझलची टेस्ट बेंच असलेल्या वर्कशॉपकडेच द्यावे. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात नोझलच्या पाइपचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधण्याची पद्धत रूढ आहे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते अशा इंजिनात, ती कधीही करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे आणि कातडीखाली डिझेल गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, ऑइलमध्ये धातूचा कीस चमकत असेल, ऑइल दुधाळ झाले असेल, गरम इंजिनातून पांढरा धूर येऊन पाणी घटत असेल किंवा ऑइल भरण्याचे झाकण सैल केल्यावर आतून जोराची वाफ उसळत असेल, तर यंत्र चालू न करता मेकॅनिकला बोलवावे. रेस सोडल्यावरही इंजिन स्वतःहून चढत गेले तर ते टर्बोतून आलेल्या ऑइलवर चालत आहे आणि किल्लीने बंद होणार नाही. इनटेकच्या तोंडावर फळी दाबून हवा बंद करता आली तर करावी, हात मुळीच लावू नये. ते जमत नसेल तर माणसांना दूर न्यावे.

टर्बो बदलावाच लागला तर ऑइल, ऑइल फिल्टर आणि टर्बोचा ऑइल पाइप त्याबरोबरच बदलावेत, पाइपांतले व इंटरकूलरमधले जुने ऑइल आणि पात्यांचे तुकडे काढावेत, नव्या टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये स्वच्छ ऑइल ओतावे आणि डिझेल बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत मारावा. जुना टर्बो दुकानात सोडून येऊ नये, तो उघडून बघावा. पात्यांच्या कडा सारख्या झिजून पातळ झाल्या असतील तर धूळ अजून कुठून तरी येत आहे, पाती चेपली-तुटली असतील तर एखादा नट किंवा वॉशर पाइपात पडला होता, शाफ्ट निळा पडला असेल तर त्याला ऑइल मिळाले नव्हते, आणि बेअरिंगवर गोल चरे असतील तर ऑइल घाण होते.